जमीन आमची, मग वाढीव एफएसआय कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तू पुरवणीत मागच्या शनिवारी पश्चिम पुण्यातल्या आलिशान टॉवरबद्दल पानभर मजकूर आला. पोडियमवरची बाग, गच्चीवरचा तरणतलाव, घरागणिक स्वतंत्र लिफ्ट, असं सगळं त्यात होतं. ती जमीन कुणाची होती आणि कोणत्या अटींवर बिल्डरकडे गेली, याबद्दल एक ओळही नव्हती. त्या अटींविषयी, आणि त्यातही वाढीव एफएसआयविषयी (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं त्या प्रमाणाविषयी), मला लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे, पण कृपया काटछाट न करता छापावं अशी विनंती.

मी मूळची पुण्याच्या पश्चिमेकडच्या सूस गावची. लग्नानंतर कोथरूडला आले आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं बांधकाम प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या विभागात होते. विकसन करारनामे, कुलमुखत्यारपत्रं (पॉवर ऑफ अॅटर्नी), सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या तपासणीचे अहवाल) वाचणं हेच माझं काम होतं. ते बँकेच्या बाजूने वाचायचे, म्हणजे आपलं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघायचं. जमीनमालकाचं काय होतंय, हे बघायला त्या टेबलावर कुणी बसलेलं नसायचं. ते मी निवृत्त झाल्यावर बघितलं, आमच्याच भावकीत.

आबा (माझे वडील) आणि काका यांची वाटणी सारखी होती, प्रत्येकी ६० गुंठे. ज्वारी, थोडा भात, बांधावर दोन आंबे. विकास आराखड्यातला ३० मीटर रुंदीचा रस्ता दोन्ही वाटण्यांना लागून गेला आणि गावात गाड्या फिरायला लागल्या. जमीन विकत घ्यायला फार कमी जण येत. बहुतेकांचं बोलणं एकच असे: विकू नका, जेव्हीला (जॉइंट व्हेंचरला) द्या. जमीन तुमची, पैसा आमचा, इमारत उभी राहिली की वाटणी. काकांच्या घराने २०१८ मध्ये करार केला. आमच्या घराने केला २०२२ मध्ये. मधल्या चार वर्षांत जे बदललं ते मला सांगायचं आहे.

२०१८ मध्ये सूस महापालिकेत नव्हतं, पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत होतं. बिल्डरच्या माणसाने काकांच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला: या जागेवर साधारण ९० हजार फूट बसेल, त्यातले ४० हजार तुमचे. पंचेचाळीस-पंचावन्न झालं म्हणून सगळे खूश होते. करारात मात्र टक्केवारी कुठेच आली नाही. तिथे लिहिलं गेलं, ‘मालकांस ४०,००० चौरस फूट सेलेबल क्षेत्र देण्यात येईल.’ त्याच्या पुढच्याच कलमात, ‘भविष्यात नियमांतील बदलामुळे अथवा टीडीआरमुळे मिळणाऱ्या सर्व अतिरिक्त चटई क्षेत्रावर केवळ विकसकाचा हक्क राहील.’ (टीडीआर म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चटई क्षेत्र म्हणजे एफएसआयने मिळणारं बांधकाम.) ही दोन वाक्यं माझ्या चुलतभावांना कुणी वाचून दाखवली नव्हती. दस्त जाडजूड होता, दुय्यम निबंधकाकडे नंबर लागलेला होता, अंगठे आणि फोटो एका दुपारी उरकले.

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू होणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. २०२१ च्या जूनमध्ये सूससह २३ गावं पुणे महापालिकेत आली. या नियमावलीत मूळ एफएसआय १.१ आहे, पण रस्ता जितका रुंद तितकं वर चढता येतं. ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता असेल तर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर धरून कमाल ३ पर्यंत जाता येतं. त्यावर निवासी इमारतीला ६० टक्के पूरक एफएसआय, तोही प्रीमियम भरून.

आकड्यांत सांगते. ६० गुंठे म्हणजे ६५,३४० चौरस फूट. १.१ ने ते ७१,८७४ होतात. ३ ने १,९६,०२० होतात आणि पूरक एफएसआय मिळवला की ३,१३,६३२. यातला काही फुगवटा मोजणीचा आहे हेही खरं, कारण बाल्कनी, जिना, लिफ्टची लॉबी पूर्वी प्रीमियम भरून हिशेबाबाहेर ठेवत, ती आता एफएसआयमध्येच धरतात. तरी जमिनीची ताकद कित्येक पटींनी वाढली यात शंका नाही. काकांच्या जमिनीवर पावणेतीन लाख फुटांचा नकाशा मंजूर झाला. माझ्या चुलतभावांचे ४० हजार फूट होते तिथेच राहिले. पंचेचाळीस टक्के म्हणून जे सांगितलं होतं, ते पंधरा टक्क्यांच्याही आत आलं.

बिल्डरची बाजूही सांगायला हवी. प्रीमियम त्याने भरला, टीडीआर त्याने विकत घेतला, बांधकामाचा खर्च त्याचा. वाढीव बांधकामात शेतकऱ्याला मूळ टक्केवारीच द्या असं मी म्हणत नाही. पण त्या वाढीव क्षेत्राचं मूळ जमीन आहे, आणि जमिनीच्या मालकाला त्यातलं शून्य मिळावं हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. आमच्या करारात आम्ही मूळ एफएसआयवर ४५ टक्के आणि प्रीमियम व टीडीआरवर ३० टक्के असं लिहून घेतलं. बिल्डरने ते मान्य केलं, म्हणजे त्याला ते परवडत होतं.

‘सेलेबल’ हा शब्दही असाच अंगाशी येतो. घर घेणाऱ्याला रेराने, म्हणजे २०१६ च्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने, कार्पेट क्षेत्राचं (घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेचं) संरक्षण दिलं. सेलेबलमध्ये त्यावर जिना, लॉबी वगैरेंचा वाटा चढवलेला असतो, त्या वाढीला लोडिंग म्हणतात. बिल्डर ग्राहकाला सेलेबलच्या नावावर घर विकू शकत नाही. जमीनमालकाशी होणाऱ्या करारात मात्र अजून सेलेबलच चालतं, आणि कार्पेटवर किती टक्के लोडिंग धरायचं हे लिहिलेलं नसतं. काकांच्या बाबतीत बिल्डरने ४५ टक्के लोडिंग धरलं. ४० हजारांचे हातात साडेसत्तावीस हजार आले. ३० टक्के धरलं असतं तर पावणेएकतीस हजार आले असते. मधले तीन हजार फूट म्हणजे चार फ्लॅट. एका न लिहिलेल्या आकड्यामुळे चार फ्लॅट गेले.

मग प्रश्न येतो तो कुठले फ्लॅट. उंच आणि महागड्या इमारतीत हा प्रश्न साध्या सोसायटीपेक्षा फार मोठा असतो, कारण तिथे दर मजल्याला भाव चढतो. समजा मजल्यामागे चौरस फुटाला ५० रुपये फ्लोअर राइज आहे. तिसऱ्या आणि तेविसाव्या मजल्यावरच्या हजार फुटी घरांत तेवढ्यानेच दहा लाखांचा फरक पडतो, टेकडी दिसते की नाही हा भाग वेगळाच. काकांच्या घराला तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे मजले मिळाले, तेही ट्रान्सफॉर्मर आणि सांडपाणी प्रकल्पाच्या बाजूचे. करारात ‘मालकांचे क्षेत्र विकसक ठरवील त्या ठिकाणी’ असं वाक्य होतं. क्षेत्रफळाची वाटणी झाली, किमतीची झाली नाही. आम्ही मंजूर नकाशा समोर ठेवून, वरपासून खालपर्यंत एकाआड एक मजला, असा तक्ता करारालाच जोडला. यावर बिल्डरचे वकील सर्वांत जास्त अडले होते. पैसा नेमका कुठे आहे ते त्यावरून कळलं.

आता बँकेत असताना जे रोज पाहिलं ते. बिल्डर प्रकल्पासाठी कर्ज काढतो तेव्हा तारण काय ठेवतो? जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम. तो अधिकार त्याला मिळतो जमीनमालकाने दिलेल्या कुलमुखत्यारपत्रातून. ‘वित्तीय संस्थेकडे गहाण ठेवण्याचा अधिकार’ ही ओळ त्यात बहुधा असतेच. मालकाचा हिस्सा वगळून गहाण ठेवावा असं लिहिलेलं नसेल, तर पूर्ण प्रकल्प तारण जातो. कर्ज थकलं तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घेऊ शकते, आणि त्या दिवशी बँकेच्या लेखी शेतकऱ्याचे फ्लॅट आणि बिल्डरचे फ्लॅट यांत फरक नसतो. सातबाराच्या इतर हक्कांत बोजा चढतो, तो शेतकऱ्याच्याच नावाखाली. त्याने एक रुपया उचललेला नसतो. आम्ही मालकाचा हिस्सा गहाणातून स्पष्ट वगळला आणि बिल्डरच्या बँकेकडून तसं पत्र करारासोबत घेतलं. बँका असं पत्र देतात. मागावं लागतं, एवढंच.

कुलमुखत्यारपत्राबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. ‘नाही पटलं तर पॉवर रद्द करू’ असं लोक सर्रास म्हणतात. ज्याला अधिकार दिला त्याचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे तो अधिकार एकतर्फी काढून घेता येत नाही. बिल्डरने पैसे दिलेले असतात, खर्च केलेला असतो, त्यामुळे त्याची पॉवर बहुतेक वेळा या कलमात बसते. देणारा वारला तरी ती संपत नाही. काका गेल्यावर भावांना हे वकिलाने सांगितलं. म्हणून पॉवर टप्प्याटप्प्याने द्यावी: आधी फक्त परवानग्या काढायला, बांधकाम ठरलेल्या मजल्यापर्यंत आलं की बिल्डरच्या हिश्श्याचे फ्लॅट विकायला. सगळं एका दिवशी, एका कागदावर देऊ नये.

कायद्यात शेतकऱ्याची जी विचित्र जागा झाली आहे, ती आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज या दिल्लीच्या खटल्यात सांगितलं की करारावर जॉइंट व्हेंचर असं लिहिल्याने तो खराखुरा संयुक्त उपक्रम होत नाही. दोघांचं नियंत्रण असावं लागतं, नफ्या-तोट्यात दोघे असावे लागतात. तसं नसेल आणि बिल्डर जमिनीच्या मोबदल्यात मालकाला बांधून देत असेल, तर मालक हा त्याचा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. हा निकाल मोठा आधार आहे. पण रेराच्या व्याख्येत बांधणारा आणि विकणारा वेगवेगळे असले तरी दोघेही प्रवर्तक (प्रकल्पाला कायद्याने जबाबदार), आणि दोघांची जबाबदारी सामाईक. विक्रीतला किंवा क्षेत्रातला वाटा घेणारा जमीनमालकही त्यामुळे महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) नोंदीत प्रवर्तक म्हणून येतो.

म्हणजे प्रकल्प रखडला तर ग्राहक माझ्या भावांवरही दावा करू शकतात. आणि भावांना स्वतःचे फ्लॅट मिळाले नाहीत, तर घर घेणाऱ्याला मिळणारा परताव्याचा किंवा व्याजाचा हक्क मागताना पहिला प्रश्न येतो: तुम्ही तर प्रवर्तक, तुम्ही कसे मागता? बिल्डर दिवाळखोरीत गेला तर दिवाळखोरी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको (बँकेसारखे पैसे देणारे) मानलं आहे. जमीन देणाऱ्याचा त्या दुरुस्तीत उल्लेख नाही. जबाबदारी प्रवर्तकाची आणि अधिकार कुणाचेच नाहीत, अशी ही अवस्था आहे. मी बँकेत असताना हे कागदावर वाचलं होतं. घरच्या माणसांच्या बाबतीत बघताना झोप लागत नाही.

कराचं थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये प्राप्तिकर कायद्यात चांगली तरतूद आली. वैयक्तिक मालक किंवा हिंदू एकत्र कुटुंबाने नोंदणीकृत विकसन करार केला असेल, तर भांडवली नफ्याचा कर कराराच्या वर्षी लागत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. पण पूर्णत्वाआधीच आपला वाटा दुसऱ्याला विकला तर ही सवलत जाते. आणि दाखला आला की हातात रोकड असो-नसो, मिळणाऱ्या फ्लॅटच्या मुद्रांक मूल्यावर कर भरावा लागतो. त्यासाठी दोन-तीन फ्लॅट घाईने, पडेल त्या भावाने विकलेली घरं मला माहीत आहेत. जीएसटीचं तसंच. २०१९ च्या एप्रिलपासून बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरांवर ५ टक्के आहे आणि मालकाला मिळणाऱ्या फ्लॅटवरही तो लागतो. करारात ‘सर्व कर मालकाने’ असं लिहिलेलं असेल आणि वाटा समजा २० कोटींचा असेल, तर ताबा घेताना एक कोटी मोजावे लागतील. शेतकरी कुटुंबाने ते आणायचे कुठून?

आता बहिणींबद्दल. हे लिहिताना माझा हात जरा कापतो.

काकांच्या तीन मुलींनी २०१७ मध्ये हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. ‘बिल्डरला टायटल क्लिअर पाहिजे’ असं त्यांना सांगण्यात आलं. साडी-चोळी झाली, जेवण झालं, आणि सह्या झाल्या. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून बाई सही करते, हे सूसमध्ये, बाणेरमध्ये, वाघोलीत, सगळीकडे सारखं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने काही बिघडत नाही, हा हक्क जन्माने आहे. ज्वारीच्या रानावरचा हक्क सोडणं आणि अठ्ठावीस मजली टॉवरखालच्या जमिनीवरचा हक्क सोडणं, यांतला फरक त्या तिघींना सही करण्याआधी कुणी सांगितला नाही. बिल्डरची बोलणी त्याआधीच सुरू झालेली होती. त्यांतली एक आज भाड्याच्या दोन खोल्यांत राहते.

आमच्या घरात हा विषय निघाला तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, “ताई, तू आणि धाकटी सही करून टाका, तुम्हांला मी कमी पडू देणार नाही.” त्याच्या मनात खोट नव्हती. मी म्हणाले, “दादा, सही करणार आहे. हक्कसोडवर नाही, विकसन करारावर. आईचं, तुम्हा दोघांचं, आम्हा दोघींचं नाव मालक म्हणून असू दे.” तो दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. वहिनीने मधे पडून घर सांभाळलं. पण पाच मालक करारावर आल्यामुळेच पाच जणांनी तो वाचला, आणि धाकटीच्या मुलाने, तो आर्किटेक्ट आहे, एफएसआयचं कलम पकडलं. बहिणींची नावं राहिली म्हणून अख्ख्या घराचा फायदा झाला, हे आता दादाही चारचौघांत सांगतो.

अशा करारांआधी आपल्यासारख्या वर्तमानपत्रांत जाहीर नोटिसा येतात. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ म्हणून सुरुवात, गट नंबर, चतुःसीमा, आणि १४ दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडला असे समजण्यात येईल. बारीक टायपात, आतल्या पानावर. सासरी गेलेली मुलगी ती नोटीस कधीच वाचत नाही. या नोटिशीत गावाचं आणि मूळ मालकाचं नाव ठळक छापणं एवढं तरी आपण करू शकता.

दुसरा रस्ता पुण्यानेच दाखवून दिला आहे. हडपसरला मगरपट्ट्यात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळजवळ ४०० एकर जमीन एकत्र केली. बाहेरच्या बिल्डरला देण्याऐवजी स्वतःची कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे भाग. २००० च्या सुमारास काम सुरू झालं. घरं, आयटी इमारती, शाळा झाल्या, कुटुंबांतली पोरं कंत्राटदार झाली, आणि भाड्याचं उत्पन्न कुटुंबांकडे येत राहिलं. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी त्याच वाटेने झाली. सगळ्यांना हे जमणार नाही, मला मान्य आहे. तिथे एका भावकीची सलग जमीन होती, पुढारपण होतं, पहिली बरीच वर्षं थांबायची तयारी होती. आमच्यासारख्या ६०-६० गुंठ्यांच्या मालकांना बिल्डर लागणारच. पण शेजारच्या चार गटांनी मिळून एक वकील, एक आर्किटेक्ट, एक सीए ठेवला आणि एकत्र बोलणी केली, तरी तराजू बराच सरळ होतो. चार कुटुंबांनी एकेकटं जाऊन चार वेगवेगळे करार करायचे आणि एकमेकांपासून आकडे लपवायचे, ही सूसमधली रीत बिल्डरच्याच सोयीची आहे.

आता माझं मुख्य मागणं. फ्लॅट घेणाऱ्यासाठी महारेराचा आदर्श करारनामा आहे. त्याच्याकडून आलेल्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. जुन्या सहकारी सोसायटीचा पुनर्विकास असेल, तर सहकार कायद्याच्या ७९(अ) खाली २००९ मध्ये निघालेल्या आणि ४ जुलै २०१९ ला सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत. सर्वसाधारण सभा, तिचं चित्रीकरण, निबंधकांचा प्रतिनिधी, प्रकल्प सल्लागार, बिल्डरकडून २० टक्के बँक हमी. त्या बंधनकारक की नुसत्या मार्गदर्शक, यावर वाद झाले आहेत, तरी सोसायटीच्या माणसाच्या हातात दाखवायला एक कागद आहे. शेतकरी जमीनमालकाच्या हातात असा कोणताच सरकारी कागद नाही. करार पूर्ण बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो. आम्ही ७९(अ) चा दाखला देऊन बँक हमी मागितली, तर बिल्डरचं उत्तर होतं, “मॅडम, ते सोसायटीला, शेतीला नाही.” ती शेवटपर्यंत मिळाली नाही. आमच्या करारातली ही उणीव अजून मला टोचते.

राज्य सरकारने जमीनमालक आणि विकसक यांच्यासाठी आदर्श विकसन करारनामा तयार करावा. त्यात हिस्सा कार्पेट क्षेत्रात आणि टक्केवारीत असावा, वाढीव एफएसआयचा वाटा लिहिल्याशिवाय दस्त पूर्ण समजू नये, मालकाच्या हिश्श्यावर गहाण नसावं, मजल्यांचा तक्ता जोडलेला असावा, जीएसटी कुणी भरायचा हे स्पष्ट असावं. नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधकाने ही कलमं मालकांना, बहिणी असतील तर त्यांनाही, मराठीत वाचून दाखवावीत आणि तशी सही घ्यावी. ज्या घरातून हक्कसोडपत्र आणि विकसन करार वर्षा-दोन वर्षांच्या आत नोंदले जातात, तिथे हक्क सोडणाऱ्या बाईला होऊ घातलेल्या कराराची माहिती होती का, हे विचारलं जावं. आणि ज्याने जमीन दिली पण बांधकामावर ज्याचं काहीच नियंत्रण नाही, अशा मालकाला महारेरापुढे आपल्या हिश्श्यासाठी तक्रारदार म्हणून उभं राहता यावं, अशी दुरुस्ती व्हावी.

हिंजवडीची मेट्रो बालेवाडीवरून जाते आहे, आणि तिच्या आजूबाजूच्या गावांत अजून मोकळी रानं आहेत. तिथल्या ओट्यांवर आज बोलणी चालू असतील. त्या घरांसाठी एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर उघडून बघा. किती मुदतवाढी घेतल्या, जमिनीवर बोजा आहे का, हे तिथे दिसतं. आधीच्या जमीनमालकाशी झालेला विकसन करार कित्येकदा तिथेच टाकलेला असतो. फुकट आहे, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत काढून देईल. आणि त्या आधीच्या मालकाला जाऊन भेटा.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी एखाद्या टॉवरची माहिती येईल तेव्हा दर आणि मजल्यांबरोबर, जमीनमालकाशी करार क्षेत्रावर होता की उत्पन्नावर, आणि मालकांना ताबा मिळाला की नाही, हेही विचारून छापावं. काकांचा आणि आमचा, असे दोन्ही करार नावं आणि गट क्रमांक झाकून आपल्या कार्यालयाला द्यायला मी आणि माझे चुलतभाऊ तयार आहोत. ते शेजारी-शेजारी ठेवून आपल्या वार्ताहराने वाचावेत आणि त्यावर सविस्तर लिहावं.

आपली,
सूसची एक माहेरवाशीण, कोथरूड, पुणे
(नाव आपल्याकडे दिले आहे, कृपया छापू नये.)